आठ तिकिटं, सहार ते सांताक्रूझ

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मुंबईच्या सहार इथल्या आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या आगमनद्वारातून आठ महिला कॅरमपटू एका ओळीत बाहेर आल्या. प्रत्येकीच्या हातात पिवळ्या पुठ्ठ्याचं तिकीट होतं आणि प्रत्येक तिकिटाला तीन भोकं पाडलेली होती. सगळ्यात मागे त्यांचे व्यवस्थापक तुकाराम परब होते. त्यांच्या उजव्या हातात बस कंडक्टरचा पंच होता.

परब आमच्या दिंडोशीच्या वसाहतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. तेहेतीस वर्षं त्यांनी बसमध्ये कंडक्टरची नोकरी केली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. आमच्या लिफ्टमध्ये सहा माणसं मावतात. मास्तर आत असले की पाच. सहाव्याने पाय टाकला की ते "मागून येतेय, रिकामी आहे" म्हणत दार ओढून घेतात. इमारतीत लिफ्ट एकच आहे. गणपतीच्या आरतीला दारात गर्दी झाली की त्यांचा आवाज येतो, "पुढे सरका, पुढे जागा आहे." पुढे गणपती असतो.

घरात ते बसत नाहीत. चहा उभ्याने पितात, एक हात कपाटाच्या कडीला धरून. मी एकदा खुर्ची पुढे केली.

"ड्युटीवर बसत नाय," ते म्हणाले.

"निवृत्त झालात की."

"ता कागदावर."

वसाहतीच्या तळमजल्यावर सायकली ठेवायची खोली आहे. तिथे कॅरमचा क्लब चालतो. परबांना कॅरममधलं फारसं कळत नाही. क्वीन घेतल्यावर लगेच दुसरी सोंगटी का घ्यावी लागते, हे त्यांना अजून पटलेलं नाही. पण आठ जणींना ठरल्या वेळी ठरल्या हॉलमध्ये पोहोचवणारा दुसरा माणूस क्लबला मिळाला नाही, म्हणून ते व्यवस्थापक झाले.

त्यांची पद्धत सोपी आहे. शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा कापून ते तिकिटं करतात आणि त्यावर नंबर घालतात. प्रवासाचा एकेक टप्पा पार पडला की तिकिटाला एकेक भोक. पंच कठड्यावर एकदा वाजला की थांबायचं, दोनदा वाजला की निघायचं. याशिवाय नियम एकच: बस कोणासाठी थांबत नाय. या नियमापायी एक मुलगी ठाण्याच्या स्पर्धेला दुसऱ्या दिवशी पोहोचली होती. ती आदल्या वर्षीची विजेती होती.

त्या मंगळवारी संघ मालदीवमधली निमंत्रितांची स्पर्धा खेळून परत येत होता. बुधवारी सकाळी दहाला नागपुरात पुढची स्पर्धा सुरू व्हायची होती आणि नागपूरचं विमान सांताक्रूझच्या देशांतर्गत टर्मिनलवरून पाच वाजून वीस मिनिटांनी सुटणार होतं. म्हणजे आठही जणी चार तास स्वतःच्याच गावात असणार होत्या, पण घरी कुणालाच जाता येणार नव्हतं. परबांनी विमानातच सांगितलं होतं, "हो थांबो आसा, शेवटचो स्टॉप नाय. खाली उतरूचा नाय."

आत काय झालं ते मी पाहिलेलं नाही. कर्णधार शुभांगीने सांगितलं आणि आणखी दोघींनी त्याला दुजोरा दिला.

पासपोर्टच्या खिडकीत पहिल्या मुलीने घाबरून पासपोर्टऐवजी पुठ्ठ्याचं तिकीट आत सरकवलं. अधिकाऱ्याने ते उलटसुलट करून पाहिलं. मागून परबांचा आवाज आला, "गो, पासपोर्ट दी. ता माझा आसा." अधिकाऱ्याने तिकीट परत केलं आणि शिक्का मारला. ती पलीकडे गेली तेव्हा परबांनी लांबूनच हवेत पंच दाबून दाखवला. भोक नंतर, सामानाच्या पट्ट्यापाशी पाडलं.

कस्टमच्या टेबलावर एका बॅगेतून बोरिक पावडरचा डबा निघाला. त्यावर लेबल नव्हतं.

"ये क्या है?"

"पावडर."

"कौनसा पावडर?"

"सोंगटी सरकने का."

परबांनी चिमूटभर पावडर टेबलावर पसरली, शुभांगीच्या हातात स्ट्रायकर दिला आणि म्हणाले, "दाखव साहेबांना." स्ट्रायकर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, अधिकाऱ्याच्या मनगटापाशी जाऊन थांबला. अधिकाऱ्याने तो बोटाने परत मारला. चुकला. दुसऱ्यांदा मारला. मग डबा बॅगेत गेला.

बाहेर कठड्यापलीकडे घरची माणसं उभी होती, त्यांच्यात मीही होतो. डबे होते, आंबे होते, एका भावाने इस्त्रीचे कपडे आणले होते. परबांनी पंच एकदा वाजवला. "सात मिन्टां," ते म्हणाले आणि घड्याळ पाहिलं. मुली कठड्याकडे धावल्या. सामानाच्या चारही ट्रॉल्या परबांनी आपल्याकडे ओढून घेतल्या आणि ते त्यांच्यामध्ये उभे राहिले. त्यांच्यासाठी कोणी येणार नव्हतं. त्यांच्या पत्नीला जाऊन चार वर्षं झाली आहेत, मुलंबाळं नाहीत.

आणखी एकीसाठी कोणी आलेलं नव्हतं. मनीषा गोवंडीची. बाळंतपणानंतरचा तिचा हा पहिला दौरा होता. दहा महिन्यांची मुलगी सासूकडे ठेवून ती गेली होती. आता दहा दिवस झाले होते आणि नागपूरचे सहा अजून बाकी होते. मंगळवारी दुपारी विमानतळावर मुलगी भेटेल, या बोलीवरच ती घरातून निघाली होती. तिने फोन लावला आणि ऐकता ऐकता परबांच्या हातात दिला.

"मास्तर, आम्ही कधीच्या उभ्या आहोत," सासूबाई म्हणाल्या. "तुमचं विमान कुठाय?"

"तुम्ही कुठे?"

"विमानतळावर. सांताक्रूझला."

"आम्ही सहारला."

"मग सांताक्रूझला उतरवायला काय झालं होतं? माझं लग्न झालं तेव्हापासून विमानतळ म्हणजे सांताक्रूझ. थांबा, मीच येते."

"येऊ नका. आम्ही तिकडेच—" फोन बंद झाला होता. पुन्हा लावला, पण कोणी उचलला नाही. तो बाळाच्या दुपट्यांखाली पिशवीत होता, हे नंतर कळलं.

दोन टर्मिनलांमधल्या बसला कंडक्टर नव्हता. परबांनी मागचं दार सांभाळलं. दोन वाजून पस्तीस मिनिटांनी संघ सांताक्रूझला उतरला, तेव्हा सासूबाई नात घेऊन सहारला पोहोचल्या होत्या. अखेर त्यांनी फोन उचलला. परबांनी त्यांना शांतपणे, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "आजी, आता रिक्षात बसा आणि सांताक्रूझला या. आम्ही हललो तर माझं नाव बदला."

"बदलीनच," पलीकडून उत्तर आलं.

मी संघाबरोबरच होतो. मला बातमी करायची होती. सव्वातीनला परबांनी घड्याळ पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं, मग पुन्हा घड्याळ. उशीर झाल्यामुळे ते चिडले असावेत, असं मी वहीत लिहिलं. ते चूक होतं.

"मास्तर, आत जाऊ या का?" शुभांगीने विचारलं.

परबांनी पंच कठड्यावर वाजवला. एकदाच. मुली बॅगांवर बसल्या.

साडेतीनला मनीषा स्वतः उठली. "चला मास्तर. एकीमुळे सगळ्यांना कशाला? बस कोणासाठी थांबत नाही ना."

"बस खंय आसा?" परब म्हणाले. "विमान पाच वीसला. गप रव."

महामार्गावर पार्ल्यापाशी गाड्या अडल्या होत्या. तीन वाजून पन्नास मिनिटांनी रिक्षा आली. सासूबाई उतरल्या त्याच बोलत. "अख्खी मुंबई दाखवली पोरीला. घे, तुझी वस्तू."

मुलीने आईकडे पाहिलं आणि तोंड आजीच्या खांद्यात लपवलं. मनीषाने हात पुढे केले होते. ते तसेच राहिले. थोड्या वेळाने मुलीने मान वळवली, आईच्या बोटांमधलं पिवळं तिकीट ओढून घेतलं आणि तोंडात घातलं. त्यानंतर ती आईकडे गेली.

परब सहा फुटांवर उभे होते, पाठ करून, रस्त्याकडे तोंड. सात मिनिटं झाली. अकरा झाली. बाराव्या मिनिटाला ते वळले. मुलीच्या तोंडातलं तिकीट त्यांनी हळूच सोडवून घेतलं. एक कोपरा गेला होता, नंबर पुसला होता. त्यांनी ते सदऱ्याला पुसलं, त्याला चौथं भोक पाडलं आणि मनीषाला परत दिलं.

"चलात," ते म्हणाले. "एवढ्या लहानाक तिकीट पडत नाय."

मग पंच दोनदा वाजला.

मुली काचेच्या दारातून एकेक करून आत गेल्या. शुभांगी थांबली. "मास्तर, तुम्ही?"

"मी मागून येतंय. कंडक्टर मागच्या दारान."

मनीषा सगळ्यात शेवटी गेली. परब काचेपाशी उभे राहिले. सासूबाई नातीचा हात धरून हलवत होत्या. आतून मनीषाचा हात दिसला, मग दिसेनासा झाला. सासूबाईंनी परबांना विचारलं, "तुम्हाला नाही जायचं?" त्यांनी आधी त्यांच्यासाठी रिक्षा थांबवली, गोवंडीचा पत्ता रिक्षावाल्याला दोनदा सांगितला आणि मगच म्हणाले, "जायचंय."

तरी ते आत जाईनात, तेव्हा मी त्यांना म्हटलं, घरी चला, वीस मिनिटांवर आहे, चहा घेऊ. "नको. माका कुर्ल्याक जावचा आसा," एवढंच म्हणाले.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. नागपूरच्या विमानात जागा फक्त आठ खेळाडूंसाठी होत्या. व्यवस्थापकाने रेल्वेने यायचं होतं आणि परबांची जागा कुर्ल्याहून साडेचारला सुटणाऱ्या गाडीत आरक्षित होती. त्यासाठी त्यांना सव्वातीनला निघायला हवं होतं. हे त्यांनी मुलींना सांगितलेलं नव्हतं. साडेचार वाजता परब सांताक्रूझच्या काचेच्या दारासमोर होते. याला मी साक्षीदार आहे.

नागपूरच्या हॉलमध्ये व्यवस्थापकांसाठी नोंदवही ठेवलेली असते. बुधवारच्या पानावर तुकाराम परब यांची येण्याची वेळ सकाळी नऊ वाजून पन्नास मिनिटं अशी आहे. प्रवासाचा प्रकार या रकान्यात इतरांनी विमान, रेल्वे किंवा मोटार असं लिहिलं आहे. परबांनी लिहिलं आहे, उभ्याने.