सरनोबतांचा फेटा आणि दौलूचे पाय

श्री. जो आत पोकळ, बाहेर चामड्याचा, ज्यास सर्व लाथाडतात आणि ज्यावाचून कोणाचे चालत नाही, तो गोल प्रसन्न असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर. ते साली राज्यात जे वर्तले ते लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही, घातले असल्यास थोडके.

राज्य म्हणजे एक पेठ, चार गल्ल्या, एक तालीम, तालमीत मारुती, आणि मारुतीच्या कृपेने अकरा शिलेदारांची फौज. फौजेचे काम असे की, चेंडू लाथेने हाकीत न्यावा आणि शत्रूच्या वेशीत घालावा. यास अन्य मुलुखी फुटबॉल म्हणतात आणि खेळ समजतात, आमचे राज्यी यास युद्ध म्हणतात आणि खेळ कोणी म्हटलाच तर त्याचे घरचा चहा बंद होतो. या फौजेचे सरनोबत हिंदुराव इंगवले. अन्यत्र यांस मॅनेजर म्हणतात. खासे सहा फूट, मिशी पीळदार, पूर्वी दूध डेअरीत मापाडी होते. फार वर्षांमागे यांनी एकदा डाव्या बगलेवरून चढाई करवून मोठा करंडक जिंकून आणिला, तेव्हा तालमीचे आबाजी वस्ताद यांनी भर चौकात हिंदुरावांस अबोली फेटा बांधिला आणि राज्याच्या रिवाजाप्रमाणे बोलिले की, "ह्यो डोईवर हाय तवर फौज तुमची." आता रिवाज सर्वांस ठाऊक, परंतु आजवरचे सरनोबत घरी जाऊन फेटा खुंटीस लावीत आणि वर्ष-दोन वर्षांत आपण होऊन वस्तादांच्या हाती देत. हिंदुराव निराळे. त्यांनी तो उतरलाच नाही. फेट्यासह निजावे, फेट्यासह उठावे, स्नान मानेखालून करावे, आणि न्हावी आला की त्याने फक्त मिशी पाहून परत जावे, ऐसा क्रम चालिला. फेट्याचा मूळ रंग कोणता हे आता सांगूनच कळावे. आणि जैसा फेटा तैसी मसलत, तीही बदलिली नाही. चढाई डावीकडून. शत्रू सारा डावीकडे जमा झाला तरी डावीकडून. उजव्या बगलेस बळवंत पाटणकर नावाचा शिलेदार होता, त्यास सबंध मोसमात चेंडू मिळेना, मग तो गवतात बसून शेंगा खाऊ लागला, आणि पुढे पुढे शत्रूचा बचावाचा गडी त्याजपाशी येऊन शेंगा मागू लागला, आणि दोघांची चांगली मैत्री जाहली.

मार्गशीर्षात पहिली लढाई हरली. ते दिवशी दौलू सातपुते याने मोठी चूक केली, ती ऐसी. दौलू हा पेठेतील पायताणांचा कारागीर. त्याचे हातची कोल्हापुरी चप्पल दारात वाजली की माणूस आत येण्याआधी रुबाब आत येई. लढाईत हलगी वाजवण्याचा मान त्याचाच, आणि हिंदुरावांवर त्याची भक्ती ऐसी की, मारुतीच्या खालोखाल त्यांसच मानी. रयत कुरकुरू लागली तेव्हा दौलूस राहवेना, त्याने तालमीत जाऊन सर्वांदेखत पायताणे काढली आणि मारुतीपुढे बोलिला, "हिंदुराव सरनोबतांच्या हातनं फौज जिंकंल, तवाच पायात पायताण घालीन. न्हाई तर जलमभर अनवाणी." लोकांनी वाहवा केली. दौलूस वाटले, आठ दिवसांचा प्रश्न. मग पुढची लढाई हरली, आणि तिच्यापुढची हरली, आणि पौष गेला, आणि माघ गेला, आणि एक लढाई अवकाळी पावसाने तळ्यासारखा चिखल झाल्यामुळे रद्द झाली तो दिवस रयतेने पेढे वाटून साजरा केला.

इकडे दौलूचे पाय फुटले ते फुटले, परंतु धंदाही फुटला. गिऱ्हाइकाने दुकानी यावे, जोड हाती घ्यावा, वास घ्यावा, वाकवून पाहावा, मग सहज खाली पाहावे तो कारागीर अनवाणी. "का वो दौलूदा, तुमीच घालत न्हाई आन् आमाला घालायला सांगताय?" ऐसे बोलून गिऱ्हाईक समोरच्या दुकानी जाई. त्यात लेक शेवंता हिचे लग्न फाल्गुनात ठरलेले. घरधनीण हौसाबाई हिने एके दिवशी भाकरी थापता थापता तोंड उघडिले ते बंद होईना.

"अवो, मांडवात अनवाणी हिंडणार हायसा व्हय? व्याही म्हणतील, पायताणवाल्याच्या पायात पायताण न्हाई, मग पोरीच्या अंगावर तरी काय घालून धाडणार?"

"नवस बोललोय हौसा. मारुतीपुढं."

"मग मारुतीला सांगा फौज खेळवायला! त्यो तरी उजवीकडं देईल!"

तिचे खरे होते, आणि ते सर्व राज्यास दिसत होते. भडंग विकणारा ओरडे, उजवीकडं द्या. शत्रूचे लोकसुद्धा दयेने ओरडू लागले. परंतु हिंदुरावांनी हात वर करून म्हणावे, "मी हाय न्हवं," आणि सर्व थंड.

अखेर रयतेचा संयम सुटला आणि तालमीमागे खलबत भरिले. बहुत मसलती निघाल्या. कोणी म्हणाला, निजले असता फेटा उतरावा, परंतु सरनोबत फेट्यास गाठ मारून ती दातात धरून निजतात ऐसी खबर होती. मग ठरले की, आंबे उतरवण्याची आकडी बांबूस बांधावी आणि अखेरच्या लढाईत कुंपणापलीकडून नेमका फेटा उतरावा. लढाई मोठी निकराची होती. जिंकली तर राज्य पहिल्या फळीत राहणार, हरली अगर बरोबरी झाली तर दुय्यम फळीत जाणार, जेथे प्रेक्षकांपेक्षा म्हशी अधिक. खलबतास सर्व हजर, एक दौलू उठून उभा राहिला आणि म्हणाला, "फेट्याला हात लावायचा न्हाई." सर्व चकित. एकजण म्हणाला, "मर्दा, सगळ्यात जास्त शिव्या तर तूच घालतोस, घरात बसून! आमाला ऐकू येत्यात!" ते सत्य होते. हिंदुराव जावेत ऐसे दौलूइतके कोणास वाटत नव्हते. परंतु नवस हिंदुरावांच्या नावे होता. दुसरा सरनोबत येऊन शंभर लढाया जिंकला तरी दौलूचे पाय मोकळेच. त्यांनी एक लढाई जिंकावी, मग खुशाल जावे, फेट्यासकट जावे, इतकेच त्याचे मागणे. हे लोकांस सांगावे तर हसतील, म्हणोन तो गप्प राहिला आणि रयतेने त्यास फितूर ठरविले, आणि हलगीचा मानही काढून घेतला. ते त्यास फार लागले.

मग दौलू सरळ सरनोबतांचे घरी गेला. हिंदुराव ओसरीवर भिंतीस टेकून बसले होते, फेट्याखालून घाम ओघळत होता. दौलूस पाहून त्यांचे डोळे भरून आले. बोलिले, "साऱ्या राज्यात तू एकटा माझा ऱ्हायलास, दौलू."

दौलूस लाज वाटली, परंतु काम होते. "सरकार, एक मागणं हाय. उद्या एकदाच, फकस्त एकदा, उजवीकडं चेंडू द्या."

"शत्रूला तेच वाटतंय. आमी उजवीकडनं येणार म्हणून. म्हणून तर डावीकडनं."

"शत्रूला तसं काय वाटत न्हाई, सरकार. शत्रू उजवीकडं शेंगा खातोय."

सरनोबत फेट्यावर हात ठेवून हलकेच म्हणाले, "डावीकडनं जिंकलो म्हणून ह्यो डोईवर आला. उजवीकडनं जिंकलो तर मग डावीकडचं ते काय हुतं? निव्वळ नशीब? आन् ह्यो उतरला म्हंजे मी कोण रं? डेअरीतला म्हातारा मापाडी." दौलूस त्यांचा राग आला आणि कीवही आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तो उठला. जाताना म्हणाला, "उद्या मी तुमच्या पाठीशी बसतो. आकडी येणार हाय."

लढाईचा दिवस उजाडला. फाल्गुन मास, धूळ बसावी म्हणोन मैदानावर पाणी मारिले होते, जागोजाग चिखल. सरनोबत बाजूस खुर्चीवर बसले, शेजारी आबाजी वस्ताद, आणि पाठीमागे दौलू अनवाणी उभा. फेट्याचा शेमला लांब, तो पाठीवरून लोंबत खुर्चीमागे जमिनीस टेकला होता. रणवाद्ये वाजली, हलगी भलत्याच माणसाने भलतीच वाजविली, आणि लढाई सुरू जाहली. आकडी दोनदा आली, दौलूने दोनदा परतविली, दुसऱ्यांदा ती एका पंचाच्या टोपीस लागली आणि पंचाने चुकून शत्रूस पिवळे कार्ड दाखविले. चढाई डावीकडून होत होती आणि डावीकडेच मरत होती. अर्धी लढाई गेली, पाऊण गेली. शत्रूचा एक गोल नाही, आपलाही नाही. बरोबरी म्हणजे म्हशी. बळवंत पाटणकर आज शेंगा विसरला होता. तो उजव्या बगलेस एकटाच उभा राहून दोन्ही हात हलवीत होता, आणि त्याचे समोर वेशीपर्यंत चिटपाखरू नव्हते.

शेवटची घटका आली. चेंडू आपल्या गड्याचे पायी आला, गड्याने मान उजवीकडे वळविली, आणि मग सवयीने सरनोबतांकडे पाहिले. हिंदुराव ओरडण्यास उठू लागले. ते क्षणी दौलूच्या टाचेखाली काहीतरी मऊ लागले. पायात पायताण असते तर कळलेच नसते. शेमला होता. पाय उचलला तर सरनोबत उठणार, डावीकडं म्हणून ओरडणार, फौज बुडणार, परंतु पुढल्या वर्षी हिंदुराव असणार आणि कधी ना कधी नवस फिटणार. पाय ठेविला तर फेटा उतरणार, फौज हिंदुरावांची राहणार नाही, मग सर्व फिटले, नवस सोडून. दौलूस शेवंताचा मांडव दिसला, व्याही दिसले, आपले फुटके पाय दिसले. मग त्याने बळवंताकडे पाहिले. आणि डोळे मिटून, सगळा भार टाचेवर देऊन, दाबून उभा राहिला.

सरनोबत उठले, फेटा उठला नाही. गाठ सुटली, एक वेढा गेला, दुसरा गेला, आणि इतक्या वर्षांची ती डोई उन्हात उघडी पडली. डोई अगदी गुळगुळीत होती. आबाजी वस्ताद उभे राहिले आणि गरजले, "फेटा पडला! पोरांनो, आता डोळ्याला दिसंल तसं खेळा!" गड्याने चेंडू उजवीकडे दिला. बळवंतास तो ओळखू येईना. त्याने क्षणभर थांबून त्यास नीट पाहिले, मग धावला, आणि शत्रूचा वेशीचा रखवालदार सवयीने डावीकडे उभा असल्याकारणे चेंडू रिकाम्या वेशीतून आरामात चालत आत गेला. राज्य वाचले. लोक नाचले, रडले, एकमेकांस उचलून आपटले. दौलू नाचला नाही. तो खाली पाहून उभा राहिला, आणि हिंदुराव चिखलातून फेट्याचा एकेक वेढा गोळा करीत होते, ते त्याने पाहिले.

शेवंताचे लग्न लागले. दौलू मांडवात अनवाणी हिंडला. व्याह्यांनी पाहिले, व्याह्यांच्या भावकीने पाहिले, हौसाबाईने पदर तोंडास लाविला. दुपारी जेवणावळ बसली असता हिंदुराव आले. डोई उघडी, काखेत फेट्याची घडी. सर्वांदेखत दौलूपुढे येऊन त्यांनी घडी उलगडिली. शेमल्यावर चिखलाचा ठसा होता, टाच स्पष्ट, पाच बोटे स्पष्ट.

"राज्यात अनवाणी माणूस एकच हाय," हिंदुराव बोलिले. दौलूची मान खाली गेली. "खरं सांग. मी वरडलो असतो तर हरलो असतो?"

"व्हय, सरकार."

हिंदुराव खाली बसले, आणि तो फेटा, जो त्यांनी झोपेतही सोडिला नव्हता, मधोमध टरकावला. "कापड हाय ह्ये, पायताण न्हवं. नवसाला बाध न्हाई. पाय आण."

"सरकार, डोईचा फेटा, पायाला—"

"आण म्हणतो न्हवं!"

दौलूने रडत रडत उजवा पाय पुढे केला. हिंदुरावांनी तो बाजूस सारिला.

"आदी डावा," म्हणाले.

एवंच, राज्य पहिल्या फळीत राहिले, बळवंताचे लग्न जमले, शत्रूचा तो बचावाचा गडी शेंगा घेऊन वऱ्हाडात आला. दौलूचा नवस हिंदुरावांचे नावे असल्याकारणे तो फेडावा म्हणोन हिंदुरावांनी हट्टाने दुसरी फौज धुंडिली, आणि डेअरीच्या निवृत्त मंडळींचे सरनोबत जाहले. चढाई डावीकडून. अद्याप जिंकले नाहीत. दर लढाईस दौलू पायांस अबोली कापड गुंडाळून कुंपणाशी उभा राहतो, हलगी वाजवितो, आणि घसा फाडून ओरडतो, "सरकार, उजवीकडं द्या की वो!" इति लेखनसीमा.