नॉर्मनचा काळा फिल्टर

विल्फने खत समजून तणनाशक मारलं आणि क्रिकेटच्या मैदानावर सीमारेषेजवळ जेवणाच्या टेबलाएवढं गवत जळून गेलं. शनिवारी लीगचे थ्वेटसाहेब तपासणीला येणार होते. मैदान नापास झालं की अंतिम सामना शेजारच्या गावात! मग यॉर्कशरच्या त्या चिमुकल्या गावात विल्फला तोंड दाखवायला जागा उरली नसती. एकवीस वर्षं त्या गवताची निगा राखणारा माणूस तो. शेवटी त्याने पॅव्हेलियनच्या दारांचा उरलेला हिरवा रंग पातळ केला आणि गुडघे टेकून पातं न् पातं रंगवलं. काम अगदी बेमालूम झालं.

बुधवारी त्याचा मित्र नॉर्मन कॅमेरा आणि तिवई घेऊन हजर. "इन्फ्रारेड फिल्म आहे बाबा! लाल फिल्टर लावला की गवत पांढरंशुभ्र येतं. जिवंत गवत तेवढं हं."

"तेवढं म्हणजे?" विल्फने घाईने विचारलं.

"रंगवलेलं काही पांढरं येत नाही. युद्धात हिरवा रंग फासून लपवलेले रणगाडे असेच पकडायचे."

विल्फने चहा पाजला, त्याने मैदान सोडून चर्चच्या मनोऱ्याचा फोटो काढावा म्हणून मनोऱ्याचं तोंडभर कौतुक केलं. नॉर्मन तिथून हलला नाही. गुरुवारी तो फोटो घेऊन आला. पांढऱ्या मैदानावर एक करडा डाग होता.

"फिल्टरला बोट लागलं वाटतं," नॉर्मन हळहळला.

"तुझी बोटं कायम लोण्याने बरबटलेली!" विल्फने री ओढली. "दुसरा फिल्टर लाव की."

नॉर्मनने लावला तो जवळजवळ काळाच. त्यातून डोळ्याला काही दिसेना, फिल्मला मात्र सगळं दिसलं. डाग डांबरासारखा काळा आला, आणि विल्फच्या रंगाने माखलेल्या बुटांचे ठसे थेट अवजारांच्या खोलीपर्यंत उमटले. नॉर्मनला ती ढगाची सावली वाटली. खूश होऊन त्याने शनिवारी सकाळी फोटो पॅव्हेलियनमध्ये चहाच्या टेबलासमोर टांगला.

मैदान फिरून थ्वेटसाहेब चहाला आत आले. कागदावर सही तेवढी व्हायची होती. फोटोसमोर ते थबकले. विल्फने घाईने त्यांच्यापुढे चहाचा कप धरला.

"ढगाची सावली आहे," नॉर्मन छाती फुगवून म्हणाला.

"सावली बूट घालून चालते होय?" म्हणत साहेबांनी विल्फला दंड धरून बाहेर नेलं.

"साहेब, चुकलंच माझं..."

"ते राहू द्या हो." साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. "रंग कुठला वापरलात ते सांगा. आमच्या गावच्या मैदानावरचा मंगळवारच्या पावसात धुऊन गेला."

विल्फचा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. "अर्धा डबा उरलाय, साहेब. घेऊनच जा!"

विल्फ खोलीतून डबा घेऊन येईपर्यंत साहेबांनी तिथेच भिंतीवर कागद टेकवून सही केली. "आणि एक करा," डबा काखेत मारत ते म्हणाले, "तुमच्या त्या मित्राला आमच्या गावाकडे फिरकू देऊ नका."