उघड्या खिडकीतला किनारा

आमच्या शेजारचे देवधरकाका भर जानेवारीत खिडकी सताड उघडतात, कानटोपी चढवतात आणि डायनिंग टेबलावर दक्षिण ध्रुवाभोवतीचा किनारा काढत बसतात. "हीटर लावून बर्फ काढायचा? लबाडी आहे ती!"

हूफडॉर्प या डच गावातल्या आमच्या घरांच्या ओळीत सगळी दारं एकसारखी. काका आपलं दार पावलं मोजून ओळखतात. बसस्टॉपपासून दोनशे बारा. "अंदाजे चालणार नाही," हे त्यांचं ब्रीद. पुण्यात जन्मभर सरकारी खात्यात नकाशे काढले. काकू गेल्यावर मुलगा मंदार त्यांना इथे घेऊन आला.

उपग्रहाचे फोटो भिंगाखाली धरून ते बर्फ मागे सरकल्याने उघडी पडलेली टोकं, खाड्या टिपतात. आणि त्यांना नावं देतात. त्यावरूनच आमचं वाजलं.

"काका, जमिनीला नाव देणं म्हणजे तिच्यावर कब्जा सांगणं. सगळ्या साम्राज्यांनी हेच केलं!" या विषयावर मी पत्रक काढून स्टेशनवर वाटलेलंही आहे.

"अगदी बरोबर, कॉम्रेड. आमच्या खात्यात नियमच होता. तिथल्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय नाव नकाशावर चढवायचं नाही. पण इथे विचारू कोणाला? पेंग्विनला?"

म्हणून त्यांनी स्वतःचा नियम केला. त्यांच्या टेबलाशी बसून जो चहा संपवेल, त्याचं नाव एका जागेला. उभ्याने प्यायलेला धरायचा नाही. बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या हेंकने दोन कप घेतले, त्याला एक टोक मिळालं. समोरच्या मारायकेबाईंना खाडी. मी तत्त्वाची पक्की. वर्षभर कोटसुद्धा न काढता उभ्यानेच चहा प्यायले. काका दर वेळी खुर्ची ओढून ठेवत. मी भाषण ठोकून निघून जाई.

परवा पहिल्यांदा तो नकाशा नीट पाहिला. टेबलभर किनारा आणि नावं फक्त चार. मधोमध सगळ्यात मोठा, वाऱ्यापासून आडोशाचा उपसागर. त्यात फिकट पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मंदार'. पुसून पुसून तिथला कागद झिजला होता.

"हे शाईने का नाही? मंदारदादा तर याच घरात राहतो."

"राहतो ना. सकाळी ऑफिसला स्लोटरडाइकची गाडी, संध्याकाळी कानात ते यंत्र घालून वर खोलीत मीटिंग. दारातून 'बाबा, खिडकी!' एवढं मात्र रोज ओरडतो." काका पेन्सिलीला टोक करत राहिले. "राहतो. पण अजून बसलेला नाही. अंदाजे कसं लिहू?"

त्या गारठ्यातच मी कोट काढला आणि खुर्चीत बसले.

काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग उठले आणि खिडकी लावून घेतली.