कांबळे सर उजवीकडे वळतात

समोरून येणाऱ्या ड्रायव्हरशी ओळख झाल्याशिवाय आमचे कांबळे सर मोटारसायकल उजवीकडे वळवत नसत. तुम्हाला वाटेल, मी वाढवून सांगतोय. पण मी त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून उमेदीची वर्षं काढली आहेत, त्यामुळे मला वाढवून सांगायची गरज पडत नाही.

आम्ही दोघं पेठ वडगावच्या एका हायस्कुलात शिक्षक. सर भूगोलाचे, मी मराठीचा. राहायला दोघंही कोल्हापुरात. सकाळी सर मला कावळा नाक्यावर उचलायचे, मग पुण्याकडे जाणारा हायवे आणि पुढं वडगावचा फाटा. तेव्हा हायवे चौपदरी झालेला नव्हता. फाट्यावर उजवीकडे वळायचं म्हणजे समोरून येणारे ट्रक, एसटी, दुधाचे टँकर, उसाच्या ट्रॉल्या आणि वडाप या सगळ्यांच्या तोंडासमोरून आडवं जायचं. वडाप म्हणजे आमच्याकडची ती जीप, जिच्यात बसायची जागा संपली की मग खरी माणसं भरायला सुरुवात होते.

बाकीचे मोटारसायकलवाले फट दिसली की घुसत. सर मात्र रस्त्याच्या मधोमध थांबायचे, पाय टेकायचे, गाडी न्यूट्रल करायचे, उजवा हात ताठ वर न्यायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, "जयभीम!" समोरच्यानं हात वर करून परतफेड केली तरच गाडी हलायची. नाही केली तर त्याला जाऊ द्यायचं आणि पुढच्याला जयभीम. मागं हॉर्नचा गोंधळ उडायचा, मागं वळून वळून माफी मागायचो तो मी. सर निवांत.

"मानूस मानसावर गाडी घालत न्हाय, माने सर," ते मला सांगायचे. आम्ही शिक्षक एकमेकांना सरच म्हणतो, त्यामुळे गाडीवर कायम दोन सर असत. "मधी आलेल्या वस्तूवर घालतोय. आपुन वस्तू न्हाय, हे आदी त्याला कळाय पायजे."

ड्रायव्हर लोकांकडून उत्तरंही तऱ्हेतऱ्हेची येत. कोण रामराम म्हणायचा, कोण सलाम, एसटीवाले नमस्कार मास्तर. शाळेत एकदा कुणीतरी खोचकपणे विचारलं, "तुम्ही जयभीम घालता आणि तिकडून रामराम येतो, चालतं का तुम्हाला?" सरांनी डब्यातली भाकरी मोडता मोडता उत्तर दिलं, "तोंडानं काय म्हणतोय ते त्याच्यापाशी. म्हणताना बघतोय कुटं, तेवढं माझं." आणि काही वर्षांनी गंमत अशी झाली की ट्रॉलीवाल्या पाटलांची पोरं लांबूनच आधी हात वर करून "जयभीम सर" म्हणून ओरडायला लागली. सर खूश व्हायचे, पण कारण वेगळं. "बघा, लांबनं दिसलो," म्हणायचे.

काळ्या काचांच्या गाड्या म्हणजे सरांचा जीव की प्राण, उलट्या अर्थानं. आत कोण आहे, कुठं बघतोय, काही पत्ता लागत नाही. एकदा फाट्यावर अशीच एक लांबलचक गाडी वेग कमी करून थांबल्यासारखी झाली. दुसरा कुणीही पटकन वळला असता. सर मला घेऊन सरळ तिच्या दारापाशी गेले आणि काचेवर टकटक केलं. काच खाली आली. आतल्या साहेबांना वाटलं, शाळेची वर्गणी. ते नको नको म्हणायला लागले. सर म्हणाले, "कायबी नको पावणं, निस्ता तोंड बगायला आलतो. आता आमी वळतो." मी मागच्या सीटवर शक्य तेवढा बारीक झालो.

हेल्मेटचं तेच. तेव्हा कोल्हापुरात हेल्मेट घातलेला माणूस म्हणजे परगावचा, नाहीतर ज्याला तोंड लपवायचंय असा. सरांनी हेल्मेट घेतलं आणि वर लांबून दिसावं म्हणून त्याला स्वतःच्या हातानं पिवळाधमक रंग दिला. फाट्यावरच्या चहाच्या गाडीवर एक म्हातारा बराच वेळ त्याच्याकडं बघत बसला होता. शेवटी न राहवून त्यानं विचारलं, "पावणं, हिरीत सुरुंग लावाय निगालायसा व्हय?" सर म्हणाले, "न्हाय आजोबा, वर्गात जातोय." म्हाताऱ्यानं मान डोलावली. वर्गही तसलाच असणार, असं त्याला पटलेलं दिसलं.

हसू नका. मीही आधी हसायचो. मग सरांच्या घरी गेलो आणि हसणं जरा कमी झालं.

सरांच्या घरी ते आणि वहिनी. मूलबाळ नाही. वहिनींची नजर काचबिंदूनं हळूहळू गेलेली. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचं. तरी घर त्यांच्या हाताखाली असं होतं की पाहुण्याला पहिल्या भेटीत काही कळू नये. चहा त्या करायच्या, पण भाजी निवडणं, औषधाच्या बाटलीवरचं वाचणं, बँक, बाजार, दवाखाना हे सगळं सरांचं. रात्री पेपर वाचून दाखवणंही सरांचं, त्यात वहिनींचा हट्ट असा की गुन्हेगारीचं पान गाळायचं नाही.

"आमच्या घरात डोळ्याची एकच जोडी हाय," सर एकदा गाडी पुसता पुसता मला म्हणाले. "ती रस्त्यावर सांडून चालायची न्हाय. संध्याकाळी अख्खं घरी जायाचं. बाकी काय न्हाय झालं तरी चालंल." बोलले आणि परत फडकं मारायला लागले. त्या दिवसापासून फाट्यावर सरांबरोबर मीही हात वर करायला लागलो. लाज वाटायची, पण करायचो.

ज्या माणसानं इतकी काळजी घेतली, त्यालाच गाडीनं उडवलं. तेही ओळखीच्या माणसानं.

ऊस तोडणीचा हंगाम होता. सकाळची शाळा. आम्ही फाट्यावर आलो, मधोमध थांबलो. समोरून दिलीपचं वडाप येत होतं. दिलीप म्हणजे रोजचा. इतक्या वर्षांत त्याचा हात वर आला नाही असं कधी झालं नव्हतं. सरांनी हात वर केला, जयभीम घातला. जीपमधून दिलीपचा हात वर आला. मीही बघितला. सरांनी गियर टाकला आणि वळले, आणि दिलीपची जीप जराही कमी न होता आमच्या मागच्या चाकावर आली.

मी उडालो तो रस्त्याकडेला पडलेल्या उसाच्या पाल्यावर. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. सर डांबरावर. मांडीचं हाड मोडलं होतं. पिवळं हेल्मेट मधोमध तडकलं होतं, आतलं डोकं शाबूत होतं. फाट्यावरची माणसं धावली, त्यातली निम्मी सरांकडं आणि निम्मी दिलीपला धरून चोपायला. सर पडल्या जागेवरून ओरडले, "मारू नका त्याला! आदी इचारा, बगत कुटं हुता!"

दवाखान्यात पोचेपर्यंत ते एकच विचारत होते. "त्यानं हात वर केलता न्हवं? तुमी बघितला न्हवं माने सर?" मी हो म्हणत होतो. पायाचं दुखणं होतंच, पण त्याहून मोठं काहीतरी मोडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मग मला म्हणाले, "घरी तुमी जावा. फोन करू नका कुणी. तुमीच जावा."

मी रिक्षा करून गेलो. वहिनी दारातच होत्या.

"रिक्षानं आलासा," त्या म्हणाल्या. "गाडी कुटं हाय?"

मी सांगितलं. शब्द जुळवत बसलो नाही, जुळलेही नसते. त्या चौकट धरून उभ्या राहिल्या.

"डोकं?"

"डोकं चांगलं आहे, वहिनी. पाय मोडलाय."

"डोळं?"

"डोळे शाबूत आहेत."

मग त्या उंबऱ्यावर बसल्या. पायानं चपला शोधत म्हणाल्या, "चला. वाटंत मला जिन्याच्या पायऱ्या किती ते सांगा, दवाखान्याच्या. त्यास्नी सांगाय लागू ने." त्या बाईबद्दल माझ्या मनात त्या क्षणापासून जो आदर बसला तो कायमचा.

चार-पाच दिवसांनी दिलीप आला. हातात शहाळं, चेहरा पडलेला. बाहेर हवालदार सरांचा जबाब घ्यायला येऊन बसलेला. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता हा पाया पडणार आणि सर विरघळणार. दिलीप वाकायला लागला तसे सर म्हणाले, "त्ये राहू दे. एक सांग. हात वर केलास, तवा मी दिसलो का तुला?"

दिलीप शहाळं या हातातून त्या हातात करायला लागला.

"खरं सांग. ओरडणार न्हाय मी."

"न्हाय सर," दिलीप म्हणाला. "तुमचा फाटा आला की हात आपसूकच वर जातोय. रोजचंच झालंय की त्ये. मी कॅसेट बदलत हुतो, मान खाली हुती."

सर दिलीपकडं बघत राहिले, आणि मग त्यांना हसू आलं. असं हसू की ज्या पायाला वजन टांगलं होतं तो हलला आणि नर्स धावत आली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसणं थांबेना. "म्हंजे मीच शिकवलं की ह्येला," म्हणाले. "न बगता हात वर करायला मीच शिकवलं. भूगोल शिकवत आलो तसंच ह्ये बी. पोरं उत्तर पाठ म्हणतात, नकाशा कोण बगत न्हाय."

दिलीप म्हणाला, "सर, जबाबात जरा सांभाळून घ्या."

"सांभाळणार न्हाय," सर म्हणाले. "तू मान खाली घालून गाडी चालवत हुतास, जीपमधी माणसं भरल्याली हुती. जे झालं त्येच सांगणार. कोर्टात उभा ऱ्हा, त्येनंच ध्येनात ऱ्हाईल तुझ्या." आणि हवालदाराला आत बोलवायच्या आधी दिलीपला म्हणाले, "शहाळं ठेवून जा. गोड हाय न्हवं?"

हा माणूस मला आवडायचा ते एवढ्याचसाठी. माफही अर्धवट करायचा नाही आणि शिक्षाही अर्धवट करायचा नाही.

सर घरी आले, काठीवर आले, मग काठी सुटली. सगळे म्हणाले, आता एसटीनं जा. शाळेत म्हणाले, नातेवाईक म्हणाले, मीही म्हणालो. वहिनी मात्र काही बोलल्या नाहीत. आणि एके दिवशी सकाळी कावळा नाक्यावर तीच मोटारसायकल येऊन उभी राहिली. नवं हेल्मेट, रंग तोच.

फाट्यावर आलो. सर मधोमध थांबले. समोरून टँकर येत होता. सरांनी हात वर केला नाही. हँडलला अडकवलेल्या पिशवीतून मेथीची एक जुडी काढली आणि ती डोक्यावर धरली.

टँकरवाल्यानं कचकन ब्रेक मारला. खिडकीतून डोकं बाहेर काढून तो आमच्याकडं बघत राहिला. सरांनी मानेनं जयभीम केला, गाडी वळवली आणि शाळेच्या रस्त्याला लागले.

"रोज त्येच केलं की मानूस बगायचं सोडतोय," पुढं गेल्यावर सर म्हणाले. "आता रोज येगळं."

आणि खरंच रोज वेगळं. एक दिवस दोन्ही कान धरले, एक दिवस उघडी छत्री, एक दिवस वर्गातला छोटा पृथ्वीचा गोल. एकदा तर नुसतं हसले, तोंडभर, आणि तेवढ्यानं एसटीवाला चकित होऊन थांबला. हळूहळू त्या रस्त्यावर असं झालं की फाटा जवळ आला की ड्रायव्हर आपणहून वेग कमी करायचे, आज सर काय घेऊन उभे आहेत ते बघायला. वडापमधली माणसं माना बाहेर काढायची. दिलीपची जीप आता त्याचा चुलतभाऊ चालवायचा, तो तर आम्हाला बघून थांबूनच जायचा. मी मागच्या सीटवर आता बारीक होत नव्हतो. खरं सांगायचं तर ऐटीत बसत होतो.

हे सगळं सरांच्या डोक्यातून निघतं, असंच मी समजत होतो. एका संध्याकाळी पाऊस लागला म्हणून मी त्यांच्या घरी चहाला थांबलो. वहिनींनी कप आणून ठेवले आणि सरांना विचारलं, "आज कुणी कुणी बगितलं?"

सरांनी सगळं सांगितलं. कोण थांबला, कोण हसला, कुणी काय ओरडलं. वहिनी लक्ष देऊन ऐकत होत्या, मधेच ट्रॉली रिकामी होती का भरलेली असं विचारत होत्या. मग थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "उद्या दोन्ही हात डोक्यावर धरा. डोक्यावर घागर हाय असं."

सर उठले, खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि दोन्ही हात डोक्यावर धरले. वहिनी उठून त्यांच्यापाशी गेल्या. त्यांनी सरांचे हात चाचपले, एक कोपर जरा वर ढकललं. "आणि थोडं वर. एवढ्यानं ट्रॉलीवाल्याला दिसत न्हाय, त्यो उंच बसतोय."

कोपर बसलं. पण वहिनींचे हात थांबले नाहीत. ते मनगटावरून दंडावर आले, दंडावरून खांद्यावर, मग मानेवर, कपाळावर, डोळ्यांच्या पापण्यांवर जरा टेकले. तिथून छातीवरून खाली, आणि त्या जोडलेल्या मांडीवर येऊन राहिले. हे रोजचं होतं, ते दोघांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

मला कुठं बघावं समजेना. सर डोक्यावर हात धरून, शिक्षा झालेल्या पोरासारखे भिंतीकडं तोंड करून उभे होते.

"चहा घ्या माने सर, निवतोय," ते म्हणाले. वहिनींचं बघून होईपर्यंत त्यांनी हात खाली घेतले नाहीत.