साडी नेसवलेली गोणी

गायकवाडांबद्दल इमारतीत अफवा पसरली, ती माझ्यामुळे. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही मला भला माणूस समजाल.

दिघीतल्या आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत ते चौथ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. गायकवाड भोसरीच्या एका कंपनीत टर्नर, वय छप्पन्न, पोट घागरीएवढं. अचानक सकाळच्या शिफ्टआधी गॅलरीत डंबेल उचलू लागले. वाढदिवसाचा केक पुढे केला तरी खिशातून छोटा वजनकाटा काढायचे. "ह्यात प्रोटीन किती, राव? चरबी उतरली पाहिजे, ताकद चढली पाहिजे. दोन्ही एकदम!" रोज आठ अंडी. पांढरं स्वतःला, पिवळं मांजरांना. संध्याकाळी पायरीपायरीवर मांजरी बसायच्या. एकही ओरडायची नाही. सगळ्या वर बघत.

वर्षभरात पोट गेलं, गाल बसले, दंड भरले. गायकवाडांच्या शर्टात दुसराच कुणी फिरतोय असं वाटायचं.

एका गुरुवारी, कंपनीच्या साप्ताहिक सुट्टीच्या भर दुपारी, जिन्यात मोजून टाकलेली जड पावलं वाजली. मी दार किलकिलं केलं. गायकवाड हातांवर एका बाईला घेऊन उतरत होते. हिरवी साडी. मान लोंबकळलेली. चेहऱ्याच्या जागी नुसतं पांढरं कापड. आणि ते तिला सांगत होते, "घाबरू नको, अजून तीनच मजले."

त्यांची बायको आजारी असते एवढंच आम्हाला माहीत होतं. दोन वर्षांत तिला कुणी पाहिलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

मी सोसायटीच्या सेक्रेटरींना म्हणालो, "वर काहीतरी अघोरी चाललंय. माझं नाव घेऊ नका." त्याच संध्याकाळी कमिटीने त्यांना दारातच बजावलं, जिन्यात असले प्रकार नकोत. पावलं थांबली. पुढच्या गुरुवारी ती शांतता मला सोसेना. वर गेलो.

वहिनी खाटेवर होत्या, अर्धं अंग लुळं. कोपऱ्यात वाळूची गोणी, वहिनींच्याच वजनाची. साडी नेसवलेली, उशीचं डोकं बांधलेलं.

"नुसती गोणी हाताला चिकटते," गायकवाड म्हणाले. "साडी निसटते. सराव खरा पाहिजे."

"आणि ते डाएट?"

"पोट मधे यायचं, राव. हिला छातीशी धरताच यायचं नाही. मागं एकदा जिन्यात हातातून सुटली."

वहिनी अर्ध्या ओठांनी हसल्या. "खाली उन्हात बसायचंय, भाऊजी. आज नेणार होते. आता म्हणतात, लोक बघतील."

"कमिटीला कुणी सांगितलं असेल हो?" गायकवाडांनी मलाच विचारलं.

"मी सांगितलं. नाव लपवून. गायकवाड, वहिनी, माझं चुकलं, मला माफ करा. आत्ताच निघू या. मी पुढे उतरतो, आणि प्रत्येक दारावर थांबून हेच सांगतो."