मुंजाजीमामांचा कोयता

आमचे शेजारी मुंजाजीमामा गेल्या हिवाळ्यात रोज सकाळी ओट्यावर बसत, ओठांपुढे कापसाचा पुंजका धरत आणि त्याच्याशी एकच अक्षर बोलत. आधी क. मग जरा दमानं ग. मग या दोहोंच्या मधलं काहीतरी, जे आमच्या मानवत गावात आजवर कोणी उच्चारलं नसेल. दूधवाल्यानं काळजीनं विचारलं, "दाढ दुखायली का मामा? लवंग धरा."

"दाढ न्हाई बा, कोरियाचं पयलं अक्षर हाय. कापूस उडाला की त्याचा ख होतो. हलला न्हाई पायजे."

मामा भांड्यांच्या दुकानात नावं टाकतात. हातात ते घुर्रर्र करणारं मशीन धरून जन्म गेला. तालुक्यातल्या निम्म्या लेकी मामांनी नाव टाकलेलं आंदण घेऊन सासरी गेल्या. "नाव टाकलं की भांडं घर इसरत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणाकडे जेवायला बसले तरी आधी ताट उलटं करून नाव वाचणार, मग भाजी वाढून घेणार. गावातल्या साऱ्या बायकांची नावं तोंडपाठ, पण स्वतःच्या बायकोचं कधी घेतलं नाही. जुन्या वळणाचा माणूस. गोदामामी होत्या तोवर त्या "आमची", आणि तीन वर्षांपूर्वी गेल्या त्यानंतरही "आमची"च.

त्यांची एकुलती लेक शालू परभणीला शेतकी शिकली, पुढच्या शिक्षणाला कोरियाला गेली आणि मामी गेल्यावर वर्षभरानं तिथल्याच मुलाशी लग्न करून मोकळी झाली. मामांनी इथून मोबाइलवर अक्षता टाकल्या, त्याही इतक्या की नंतर मोबाइल तांदळातून उकरून काढावा लागला. पण आंदण राहिलं. मामींनी एकेक करून जमवलेली पंचवीस भांडी पेटीत कोरीच पडून होती, आणि मे महिन्यात लेक-जावई पहिल्यांदा घरी येणार होते.

"मराठीत नाव टाकलं तर जावयाला काय कळणार? त्यानं सोता वाचलं पायजे," मामा मला म्हणाले. "आन् बाई, स्टीलवर खोडरबर चालत न्हाई."

मी पहिलीचा वर्ग घेते, म्हणून पाटी माझ्याकडून नेली. शालू फोनवर अक्षर दाखवी, मामा गिरवत आणि ओलीच पाटी घेऊन माझ्या दारात हजर. माझी पोळी तव्यावर करपली तरी त्यांना पर्वा नाही. "बाई, लय भारी लिपी हाय. ह्यो म बघा, चौकट. ओठ मिटले, दार बंद. ह्यो न, जीभ वर टेकती तसाच काढलाय. ज्यानं केली त्यो आपल्यासारखा कारागीर आसणार." सत्तरीला टेकलेला माणूस इतका खूश झालेला मी वर्गातसुद्धा पाहिला नाही.

अडलं ते पहिल्या अक्षरापाशी. दिसायला कोयत्यासारखं, दोन रेघांचं. तेच मनासारखं वळेना, म्हणून मामांनी स्टीलवर सराव सुरू केला. आमच्या स्टीलवर. नाव टाकायला दिलेली पातेली कोयता घेऊन परत येऊ लागली. "नाव मागून टाकतो, आदी हे बघा कसं आलंय." तेवढ्यात गल्लीत बारसं निघालं, पातेली घरोघरून गोळा झाली, आणि घासून पालथी घातल्यावर बघतो तो चौदा पातेल्यांवर चौदा कोयते. जाड बुडाचं त्यात एकच होतं, ते चौदाही जणींचं निघालं. निवाड्याला मामांना बोलावलं, तर ते भांडण सोडून कोयते न्याहाळत बसले. "ह्यो जमला," एक पातेलं उचलून म्हणाले. ते जाड बुडाचं माझंच होतं आणि ते अजून समोरच्या घरी आहे.

मी चिडले होते. "मामा, शालूच्या नावात हे अक्षर नाही. जावयाच्या नावातही नाही, मी तिला फोनवर विचारलंय. मग एवढा हट्ट कशाला?" मामा मशीन पुसत राहिले.

मे महिन्यात दोघं आली, मलाही जेवायला बोलावलं होतं. जेवणं झाल्यावर मामांनी पेटी ओढली आणि पहिला तांब्या जावयांच्या हातात दिला. जावयांनी तो फिरवला, कोयत्यावर बोट ठेवलं आणि पहिलीतल्या मुलासारखं जोडून वाचलं, "को... दा."

शालूनं तोंडावर हात धरला. गोदा हे नाव त्या घरात कोणी मोठ्यानं घेऊन तीन वर्षं झाली होती, आणि मामांनी तर कधीच घेतलं नव्हतं. मला माझ्या पातेल्याची लाज वाटली.

"जमवलं तिनं, तर तिच्याच नावानं जायला पायजे," मामा खाली बघत म्हणाले. "मला तोंडानं घ्यायला जमलं न्हाई गं शालू. जावयाला म्हण, आजून हायेत." आणि दुसरं भांडं पुढं केलं.

पंचवीस भांडी होती. जावयांनी पंचविसांवरचं नाव वाचलं.