नायकरावांनी चहा केला, त्या मोहिमेची हकीकत

सकल रसिकजनांस विदित व्हावे की, रुपेरी पडद्याचे राज्यात बहुत पिढ्या एकच दस्तूर चालत आला, तो ऐसा जे, लग्नाचे दुसरे दिवशी नायिकेने ओले केस झटकत चहा आणावा आणि नायकाने पांघरुणातून एक डोळा उघडून तिचा हात धरावा. तो दस्तूर कैसा मोडला, त्याचे वर्तमान येणेप्रमाणे.

दिग्दर्शिकाबाईसाहेबांचा हा पहिलाच चित्रपट. त्यांनी मसलत केली की, नवी नवरी कामावर निघाली असता नवऱ्याने चहा करून द्यावा. मग स्वयंपाकघराचा सेट उभा राहिला, दिव्यांचा तोफखाना लागला, कॅमेरा मोर्चावर चढला, आणि ऐन समयी पडद्याचे पंचहजारी सरदार नायकराव रुसून मेकअपच्या गाडीत दार लावून बसले. आतून फर्मान आले की, चाहते आम्हांस गुंडांस लोळविताना पाहतात, हाती गाळणे पाहून काय म्हणतील? चहा नायिकेनेच आणावा.

हे ऐकून निर्मातेसाहेबांनी बाईंस बजाविले की, सीन जुन्या चालीने घ्यावा, ना तरी दिग्दर्शक बदलू. याच सीनपायी त्यांनी अवघा चित्रपट लिहिला होता. परंतु त्या कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. फौज मागे ठेवून एकट्याच गाडीवर चालून गेल्या.

बहुत घासाघीस जाहली, आणि मग नायकराव मान खाली घालून पुटपुटले, “मॅडम, खरं सांगू? मला चहा करताच येत नाही. गॅससुद्धा पेटवता येत नाही. सगळ्यांसमोर हसं होईल हो.”

बाई हसल्या नाहीत. “एवढंच ना? चला, मी दाखवते.”

मग सेट रिकामा करण्याचा हुकूम सुटला आणि बंद दरवाजाआड तालीम जाहली. दूध उतू गेले, पातेले जळाले, बोटे पोळली, एकदा तर चहापूडच घालावयाची राहिली. परंतु खासे नायकराव हटले नाहीत. मग फौज परतली, आणि कॅमेरा सुरू होताच नायकरावांनी कप नायिकाबाईंपुढे धरिला. नायिकाबाईंनी घोट घेतला आणि ठरला संवाद विसरून म्हणाल्या, “अहो, साखर?”

नायकरावांचे तोंड ऐसे पडले की कोणा लेखकास लिहिता न यावे. मग दोघेही खो खो हसत सुटली, आणि दिग्दर्शिकाबाईंनी ‘कट’ म्हटलेच नाही. निर्मातेसाहेबही डोळे पुसून म्हणाले की, हाच सीन राखावा. आणि नायकराव गाडीकडे न जाता शेगडीपाशीच ठाण मांडून, आणखी कोणास चहा पाहिजे, ऐसे अवघ्या फौजेस पुसू लागले.

ऐसी फत्ते जाहली. पातेले एक कामी आले, बोटे दोन जायबंदी. वरकड सर्व क्षेम.